शीतलनं लिहिलेलं ‘पाखड’

सगळ्यात आधी शीतलची माय घरात आली.

बाप मांगून आला. ऑटोवाल्याले ‘थांब बुवा जरा’ म्हनत.

म्या मनात म्हटलं, झालं. शीतलचा लॅपटॉप न्यायले आले.

शीतल म्हनजे माह्या नातीची, प्राचीची, जिवाची मैत्रीण. मंगरूळपीरची. इथं वाशीमले दोघी संगं कॉलेजात. उशीर झाला, बस चुकली, का आमच्याच घरी मुक्काम. माह्या हातचं झुनका-भाकर असं खाये पोरगी, का पाहून पोट भरे.

आज तिले जाऊन वर्स झालं. साध्या तापाचं निमित्त. सकाळी घरी बुद्धवंदना घेतली, अन् तिकून दोघं नवरा-बायको सरळ आमच्याकडं आले.

(मी बोलतो अन् मोबाईल लिहिते. चुकलं तं समजून घ्या. मांगं यानं ‘भाकर’चं ‘भास्कर’ केलं व्हतं.)

तं त्या दोघी पोरी कॉम्प्युटरची भाषा, जावास्क्रिप्ट, शिकून राह्यल्या व्हत्या. म्हने, आजी, आमी लायब्ररी बनवतो.

मले काय मालूम! म्या कपाटाचा एक खण रिकामा करून देला. पुस्तकं ठेवा म्हटलं.

लय हासल्या माह्यावर.

शीतलनं समजावलं मंग. “आजी, पुस्तकं नाईत वं. कॉम्प्युटरले नेहमी लागनारी छोटी छोटी कामं. एकडाव लिहून ठेवायची, पाहिजे तवा नावानं हाक मारायची.”

“अन् असं तयार भेटत नाई काय?”

“भेटते ना! पापड बी दुकानात भेटतेत. मंग तू कायले लाटतं?”

घ्या. म्या आपलं तुरीचं सूप घेतलं हाती.

एका कामाचं नाव तिनं ‘पाखड’ ठेवलं. मले सुपात तूर पाखडताना पाहून. त्याले यादी द्या, ते त्यातलं रिकामं रिकामं फेकून देते.

पन त्यात खोट राह्यली. ते शून्याले बी फोलपट समजे, अन् फेकून दे. प्राची म्हने, “शून्य म्हनजे रिकामं नाई, शीतल. शून्य बी दानाच हाय.”

“राहू दे वं, उद्या करतो.”

त्याच संध्याकाळी शीतलच्या अंगात ताप भरला. मंग ती आमच्या घरी आलीच नाई.

लॅपटॉप शीतलचा. तो आमच्याकडंच राहून गेला.

वर्सभर प्राची त्याच्यासमोर बसे. झाकन उघडत नव्हती. कोनाले हातबी लावू देत नव्हती. एकदा इचारलं तं म्हने, “आजी, त्या ओळी तिच्या हातच्या हायेत. म्या खोडल्या तं शीतल खोडल्यासारखी होईन.”

मले भेव वाटे. पोरगी जेवे अर्धी, बोले त्याच्याहून अर्धी. मी दारातून पाहो, अन् पुन्हा पुन्हा पाहो. एक गेली, आता दुसरी अशीच बसल्या बसल्या सुकून जाते काय, हेच डोक्यात.

अन् आज तो डब्बाच न्यायले लोक आले म्हटल्यावर माहं ध्यान कुठं लागते. च्या मांडला, तं साखरच टाकली नाई.

शीतलच्या मायनं बिनसाखरेचा च्या तसाच पेला. मंग म्हने, “प्राची, आमची पोरगी काय करत व्हती ते दाखव ना वं. आमाले कधी समजलंच नाई.”

प्राची जागची हालली नाई. “काकू, त्यात एक चूक राह्यली. माह्यानं हात लावनं होत नाई.”

बाई उठली अन् पोरीजवळ जाऊन बसली. अंगात स्वेटर शीतलचं. कोपर पुढं केला. निळ्या स्वेटरले हिरव्या लोकरीचं ठिगळ.

“हे फाटलं तवा मी बी लय भेलो. शिवलं तं तिचं राह्यनार नाई, असं वाटे. मंग थंडी वाजली, शिवलं. पाह्य, अजून तिचंच हाय.”

प्राची रडली. मंग तिनं झाकन उघडलं.

मी दाराची चौकट धरून उभी. तिनं जुनी ओळ खोडली, नवी लिहिली. शून्य जागच्या जागी राह्यलं! पन खाली दुसरंच काई लाल झालं, म्हनजे नवी चूक निंघाली.

मले वाटलं, गेलं सारं.

तं पोरगी माह्यावरच वरडली, “आजी, सरक ना वं, उजेड अडवून राह्यली!”

वर्सानं वरडली हो माह्यावर. एवढं गोड लागलं मले!

शीतलच्या बापानं इचारलं, “पुरं कवा होईन बेटा?”

“सांगता येत नाई काका. भेव वाटते.”

“वाटू दे. आमी येतो पाह्यले.”

लॅपटॉप इथंच ठेवून गेले. प्राची आत बसली हाय, टकटक चालू हाय. मधीच आवाज थांबला, का माहा जीव अजून वरखाली होते.

शीतल बेटा, या आजीचा तुले जय भीम.

तुहे माय-बाप येत्या रविवारी येतो म्हनून गेले.