गोड मागणारे काका

मधुमेहींच्या मदतीसाठी काढलेल्या सायकल फेरीत मी गंगापूर रोडवरून चाललो होतो. कडेला झेंडूच्या पाटीशेजारी एक काका घामाने थबथबून बसले होते. थरथरता हात वर करून ते म्हणाले, "दादा, काही गोड हाय का?"

"गोड सोडा काका, शुगर होईल!" मी हसत पुढे गेलो. खिशात चिक्की होती.

परतताना ते जरा सावरलेले दिसले. शेजारच्या चहावालीने त्यांना साखर चारली होती. मी थांबलो.

"इन्सुलिन घेतो मी. साखर एकदम उतरली," टोपीने तोंड पुसत ते म्हणाले. "तुमच्या शर्टावर मधुमेहाचं लिहिलेलं दिसलं, म्हणून तुमालाच मागितलं."

मी सायकलवरून उतरलो. त्यांनी पाटी सरकवून मला बसायला जागा केली.