बुधवारचे सिनेमे

हे मी आजवर कुणाकडे बोललेले नाही. नवऱ्याकडे तर नाहीच. तो गेला, आता त्याला कळायचंही राहिलं. मुलांना सांगायला बसले तर ती म्हणतील, आई, सो व्हॉट? त्यांचंही बरोबर आहे – वरवर पाहिलं तर काय आहे त्यात? दोन बायका सिनेमाला गेल्या. बास.

तुम्हाला मात्र सांगते. आधी सिनेमांचंच सांगते, म्हणजे मला जरा धीर येईल.

ऐंशीच्या दशकातला एक हिवाळा. आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहत होतो. शिकागोतल्या एका जुन्या थिएटरात त्या वर्षी दर बुधवारी दुपारी साठच्या दशकातले इंग्लंडचे विनोदी सिनेमे लागायचे. सगळ्यांची गोष्ट साधारण एकच. आडगावातला कुणी बावळट पोरगा लंडनला येतो, पोरींच्या मागे लागतो, दरवेळी तोंडावर आपटतो आणि शेवटी थोडासा शहाणा होतो. आखूड स्कर्टातल्या मुली, स्कूटरी, भडक रंगांच्या भिंती – आणि कुणालाही घरी जायची घाई नाही. सुनंदा आणि मी पोट धरधरून हसायचो. सुनंदा म्हणजे माझी तिथली एकुलती एक मैत्रीण, दोन रस्ते पलीकडे राहायची.

हसता हसता मध्येच गप्प व्हायचो. कारण लंडनमध्ये हे सगळं चाललं होतं तेव्हा आम्हीही अठराच वर्षांच्या होतो ना? ती अकोल्यात, मी सोलापुरात. मी शिवणाच्या क्लासला जात होते आणि घरचे माझ्यासाठी स्थळं बघत होते. त्या पडद्यावरच्या पोरींचा मला फार हेवा वाटायचा. त्यांच्या कपड्यांचा नाही हो – त्यांना चुका करायची मुभा होती, तिचा.

घरी मी सांगितलं होतं की बुधवारी लायब्ररीत इंग्रजीचा क्लास असतो. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी भारतातून आल्या होत्या. सून भरदुपारी सिनेमाला जाते, तेही असल्या – हे त्यांना कसं सांगणार? सुनंदानं मला शब्द दिला होता की ती माझं नाव कुठे घेणार नाही. तिनं स्वतः तिच्या नवऱ्याला, वसंताला, शॉपिंगला जाते म्हणून सांगितलं होतं.

माझ्याकडे धड कोट नव्हता. म्हणून नवऱ्याचा जुना काळा ओव्हरकोट घालायचे आणि त्याची लोकरीची टोपी कानांखाली ओढायचे. त्यात मी ही अशी उंच. सुनंदा चिडवायची, चला साहेब. मग थिएटरपासून स्टेशनपर्यंत तिच्या खांद्यावर हात टाकून मी त्या सिनेमातल्या पोरासारखी ऐटीत चालायचे. बर्फात पाय घसरायचे, आम्ही अजूनच हसायचो. इतक्या मोकळेपणानं मी पुन्हा कधी चालले नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू देसाईकाकूंच्या बेसमेंटमध्ये होतं. पंधरा-वीस बायका. मी तिळगूळ वाटत होते, सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. काकू आमच्यात वयानं मोठ्या. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुनंदा, आमच्या मिस्टरांनी तुला बुधवारी डाउनटाउनला पाहिलं. थिएटरमधून बाहेर पडताना. तो काळ्या कोटातला, टोपीवाला कोण गं? तुझ्या खांद्यावर हात टाकून चालला होता म्हणे."

हसू यायला हवं ना? सुनंदाला आलंही. हसतच तिनं सांगितलं की अहो काकू, ती माझी मैत्रीण होती. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मग काकूंनीही पाहिलं – तू तर तिची खास, तुला ठाऊक असेल.

एक वाक्य बोलायचं होतं. सगळं बेसमेंट हसलं असतं. सासूबाई फार तर दोन दिवस रुसल्या असत्या. आणि मी काय म्हणाले?

"मला काय माहीत? बुधवारी माझा क्लास असतो."

सुनंदाचं हसू तिथेच थांबलं. तिनं माझं नाव घेतलं नाही. तेव्हा नाही, आणि वसंतानं खोदून खोदून विचारलं तेव्हाही नाही. वाईट माणूस नव्हता तो, पण दुपारी ऑफिसातून घरी फोन करून ती आहे ना ते बघायला लागला. बायका तिला बोलावेनाशा झाल्या. मीही बोलावलं नाही – हो, मीही. उन्हाळ्यात त्यानं बदली मागून घेतली आणि ते मिनेसोटात, ईडन प्रेरीला गेले.

जायच्या आदल्या दिवशी ती दारात आली. आत आली नाही. पिशवीतून लोकरीची टोपी काढून तिनं माझ्या हातात ठेवली, धुऊन घडी घातलेली. तुझी राहिली होती माझ्याकडे, एवढंच म्हणाली.

ऑफिसात हरवू नये म्हणून त्या टोपीच्या आतल्या बाजूला मी रंगीत दोऱ्यानं नवऱ्याचं नाव भरलं होतं. हिवाळाभर ती मीच घालते हे वसंतानं कितीदा पाहिलं होतं; त्याच्यासमोर तिनं ती नुसती ठेवली असती तरी पुरे होतं. इतके महिने ती तिच्याजवळ होती.

ते सिनेमे अजून कधीमधी टीव्हीवर लागतात. मी बघते. हसायची जागा आली की सवयीनं मान शेजारी वळते. मी खरी अठरा वर्षांची झाले ती छत्तिसाव्या वर्षी, शिकागोच्या बर्फात, सुनंदाबरोबर. तिची मला रोज आठवण येते. मी तिला एकही पत्र लिहिलेलं नाही.

ते वाक्य असं होतं – काकू, त्या कोटात मी होते.