संत्र्यांच्या ढिगावरचा फोन

तो प्रसंग आठवला की आजही डोक्यात तिडीक जाते. ऐंशीच्या दशकात मी पांढुर्णा ठाण्यात उपनिरीक्षक होतो. गावातून नागपूरला जाणाऱ्या फोनच्या ट्रंक लाइन दोनच. त्यातली एक बंद पडलेली. संत्र्यांचा हंगाम सुरू होता.

सकाळची हजेरी संपते न संपते तोच सरकारी दवाखान्याचे डॉक्टर धापा टाकत आले. तिगावच्या एका मजूर बाईला बागेत साप चावला होता. दवाखान्यातले औषध एका मात्रेत संपले. नागपूरहून दुपारच्या गाडीने मागवायचे, तर अर्जंट कॉल लागत नव्हता. वायरलेसवर निरोप दिला, पण नागपूर दुसऱ्या राज्यात. तो छिंदवाडा, भोपाळ फिरूनच जाणार.

"तार चोरली असंल, साहेब," हवालदार म्हणाले. एका खबऱ्यानेही सांगितले की, जुना तारचोर रुळाजवळ पोतं घेऊन दिसला. त्याला उचलून आणले.

"पोत्यात काय आहे?"

"कोळसा हाये, साहेब. रेल्वेचा. तार नाही चोरली, आईची आन!"

खरोखर कोळसाच निघाला. कपाळावर हात मारून मी टेलिफोन एक्सचेंज गाठले.

"तार शाबूत हाये," ऑपरेटर म्हणाला. "लाइन भरली हाये. मंडीतले सेठ सकाळपासून बोलून राहिले. तीन मिनिटं झाले का वाढवून घेतेत."

"तोड तो कॉल."

"नियमात बसत नाही, साहेब. मायी नोकरी जाईन."

डॉक्टरांना जीपमध्ये घालून मंडीत गेलो. लिलाव रंगला होता. संत्र्यांच्या ढिगावर रिसीव्हर उताणा पडलेला. त्यात कोणीच बोलत नव्हते!

"बोलतंय कोण, सेठ?"

"कोणीच नाही. नागपूरले भाऊ बोली ऐकून राहिला. इथचा भाव कळला का तो थितं माल इकते."

"इकडे बाई मरतेय!"

"वाईट वाटते, साहेब. पण आमी पैसे भरून राहिलो ना. कोणतं कलम लागते, सांगा."

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. शिकवणाऱ्या गुरुजींचे उपकार मानून कायदा पाठ केला होता. एकही कलम आठवेना. मी रिसीव्हरच उचलला.

"दादा, आवाज नाही येऊन राहिला," पलीकडून भाऊ ओरडला.

"मी पांढुर्णा पोलीस ठाण्यातून बोलतोय."

"पहिले भाव सांगा, मंग बोला!"

"भाव गेला चुलीत! साप चावलेल्या बाईचं औषध पाहिजे, आत्ता!"

मग तो हळूच म्हणाला, "कोणतं औषध? लिहून घेतो."

डॉक्टरांनी नाव सांगितले. दुपारच्या गाडीतून तो स्वतः खोके छातीशी धरून उतरला. खोके डॉक्टरांच्या हाती देत त्याने मला विचारले, "लिलाव कितीवर तुटला, साहेब?"

रात्रभर औषध चालले. पहाटे बाईने पाणी मागितले. बाहेर बसलेला तिचा नवरा तेव्हा पहिल्यांदा रडला.

दुसऱ्या दिवशी मी एक्सचेंजमध्ये शिपाई बसवला. दवाखान्याचा कॉल अडला की त्याने मंडीत धावत जाऊन रिसीव्हर जागेवर ठेवायचा. सेठ दर वेळी त्याला विचारत, "कोण्या कलमात, भाऊ?"

चोराला पकडणे सोपे असते. आपण चोरी करतोय हे त्याला ठाऊक असते. सगळ्यांची वस्तू एकट्याने अडवणाऱ्याला मात्र रोज नव्याने समजवावे लागते. हंगाम संपेपर्यंत मी समजवत राहिलो. सेठना शेवटपर्यंत पटले नाही. रिसीव्हर मात्र ते ठेवू देत.