सान इसिद्रोला काय दाखवायचं

पान्यांग किपिंग करायला बसली की फिलिपिन्समधल्या लुकबान गावातले शहाणे लोक तिच्या अंगणातून न बोलता जात. तांदळाचं पातळ रंगीत पीठ झाडाच्या रुंद पानावर पसरायचं, फेण्या वाफवतात तसं वाफवायचं आणि वाळलं की पानाच्या शिरा उमटलेला तो पापुद्रा अलगद सोडवायचा. ऐन वेळी कुणी हाक मारली आणि पापुद्रा फाटला, तर पान्यांग त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. पण तिच्याइतकं पातळ किपिंग बानाहाव डोंगराच्या या अंगाला कुणालाच जमत नसे, म्हणून लोक मुकाट ऐकून घेत.

मे महिन्यात सान इसिद्रोचा सण येतो. हा शेतकऱ्यांचा संत, स्वतः नांगर धरलेला, त्यामुळे त्याला मेणबत्त्यांपेक्षा पिकाचं कौतुक जास्त. त्याची मूर्ती ज्या रस्त्याने जाते तिथलं प्रत्येक घर आपली कमाई खिडकीत आणि भिंतीवर मांडतं. शेतकरी भाताच्या ओंब्या आणि भोपळे लावतो, टोप्या विणणारा टोप्या टांगतो, खाटीक तर भाजलेलं अख्खं डुक्कर दारात ठेवतो. वरून किपिंगच्या माळा. घर ज्यावर जगतं ते संताला दाखवायचं, म्हणजे पुढे तेच भरभरून घरी येतं. मात्र मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो. पान्यांगच्या गल्लीचा नंबर लागायला बरीच वर्षं जात, आणि यंदा तो लागला होता.

मागच्या वेळी पान्यांगचं शेत होतं. तिची एकुलती एक मुलगी सेली शिडीवर चढून ओंब्या बांधत होती आणि आई खालून तिला नावं ठेवत होती. पुढे नवरा इमोंगच्या गुडघ्यांनी दगा दिला, शेत विकलं आणि त्या पैशात सेली हाँगकाँगला घरकामाला गेली. आधी नाताळला यायची, मग तेही थांबलं. तिच्याऐवजी खोके येऊ लागले. कमरेइतके उंच पुठ्ठ्याचे खोके. आत साबण, टॉवेल, डबाबंद मांस, चॉकलेटं. खोका उघडला की पान्यांग आधी त्यात डोकं घालून वास घ्यायची.

"साबण खराब निघाला का?" इमोंग विचारायचा.

"तू गप बस."

वास साबणाचाच यायचा, मुलीचा कधी आला नाही. तरी रिकामा खोकासुद्धा तिने कुणाला दिला नाही. सगळे माडीवर रचून ठेवले होते आणि पावसाळ्यात ती ते पुसायची. मेलेल्या माणसाच्या वस्तू जपाव्यात तसं हे चाललंय, असं एकदा तिच्या मनात आलं आणि तिने लगेच छातीवर तीन वेळा क्रूसाची खूण केली.

यंदा जूनमध्ये सेलीचा करार संपत होता. मालकीण नव्या कराराच्या मागे लागली होती. सेलीने फोनवर आईला विचारलं, "नानाय, काय करू मी? तू सांग." आणि जिच्या तोंडाला गावात कुणी कुलूप लावू शकलं नव्हतं ती पान्यांग म्हणाली, "तुला बरं वाटेल ते कर, बाळ." घरी ये, असं तिला म्हणायचं होतं. जीव तुटत होता. पण घरावरचं नवं छप्पर, इमोंगची औषधं, चुलीवरचा भातसुद्धा त्या पोरीच्याच जिवावर. मग कोणत्या तोंडाने बोलवायचं?

"बरं," सेली म्हणाली. "सण होऊ दे. मग मालकिणीला सांगते."

सणाच्या आदल्या सकाळी शेजारची चोलेंग कुंपणावर रेलली. "खिडकीत काय लावणार गं?"

"बाजारातून ओंब्या आणते."

"म्हणजे दुसऱ्याचं पीक दाखवणार संताला? त्याला काय डोळे नाहीत?"

बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. पान्यांगने दिवसभर भांडी आपटली आणि संध्याकाळी इमोंगला म्हणाली, "माडीवरचे खोके खाली काढ. आपण त्यांच्यावरच जगतो ना? मग तेच लावू."

इमोंगला ते पटलं. खोक्यांनी खिडकी भरली. प्रत्येकावर सेलीच्या ठसठशीत अक्षरात आईबापाचं नाव होतं. वरून किपिंगच्या तांबड्या, हिरव्या, पिवळ्या माळा सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक थांबून हसत होते, फोटो काढत होते. ज्या घरांतलं कुणी परदेशात होतं, तिथली माणसं तेवढी हसत नव्हती.

दुपारी बानाहाववरून नेहमीची भुरभुर आली आणि लांबून बँड ऐकू येऊ लागला. इमोंगने व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीसमोर धरला. सेली मालकिणीच्या स्वयंपाकघरात एप्रन घालून उभी होती.

"अय्या, माझे खोके," ती हसली. मग हसायची थांबली. "छान दिसतायत, नानाय."

चोलेंगही बघायला आली होती. या वेळी ती मनापासून बोलली, "बघ तू पान्यांग, आता इतके खोके येतील की माडीवर मावायचे नाहीत."

पान्यांगने दचकून खिडकीकडे पाहिलं. जे दाखवायचं तेच भरभरून येतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि आज खिडकीत मांडून काय बसली होती? देवाकडे ती खोके मागत होती. आणखी खोके, म्हणजे आणखी करार. पोरगी तिकडेच म्हातारी होणार आणि आई इकडे पुठ्ठ्यात डोकं घालून वास घेणार.

ती खिडकीशी धावली आणि खोके खाली ओढू लागली.

"अगं वेड लागलं का? संत कोपऱ्यावर आलाय," इमोंग ओरडला.

"म्हणूनच."

माळा अडकल्या, किपिंगचे तुकडे पडले. एका पापुद्र्यासाठी गावाला शिव्या घालणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने माळाच्या माळा फाडल्या. शेवटचा खोका तिने पायाने दाराआड ढकलला तेव्हा मूर्ती समोर येऊन थांबली होती. तरुण फादरनी पवित्र पाण्यासाठी हात उचलला आणि रिकामी खिडकी पाहून ते घुटमळले.

"तुमच्याकडे काहीच नाही यंदा?"

"पीक अजून घरी आलं नाही, फादर," पान्यांग धापा टाकत म्हणाली. "बाहेर आहे माझी पोरगी. तिला घरी आण म्हणावं याला. छपराचं न् औषधांचं आमचं आम्ही बघू. मला ती हवीये."

बँडवाले वाजवायचं विसरले. फादरनी खिडकीवर पाणी शिंपडलं, मग पुन्हा एकदा शिंपडलं, आणि मूर्ती पुढच्या घराकडे गेली.

फोन अजून इमोंगच्या हातात तसाच होता. सेलीने एप्रन तोंडाशी धरला होता.

"नानाय," ती कशीबशी म्हणाली, "इतकी वर्षं कधी म्हणाली नाहीस गं. खोका पोचला, एवढंच सांगायचीस. मला वाटायचं, तुम्हाला खोकेच हवेत."

पान्यांगने इमोंगच्या हातून फोन घेतला. तिने तो गालाला लावला आणि पलीकडून लेकीचं रडणं ऐकत ती तशीच पावसात उभी राहिली.