एकच चूक हाय, चार न्हाईत

"आजी, घमेली वाहून वाहून डोकं उलटं झालं का तुमचं?"

गणिताच्या सराव परीक्षेचा माझा पेपर दोन बोटांत धरून सरांनी वर्गाला दाखवला. पोरं हसली. मीही हसले, बघा. सवय. अपमान झाला की आधी आपणच हसून घ्यायचं.

लोह्याची शाळा. मी अठ्ठावन्न वर्षांची, बाहेरून दहावीला बसलेली; फॉर्म याच शाळेतून भरलाय, म्हणून पोरांसोबत वर्गात बसते. इथून पार विष्णुपुरीपर्यंत बांधकामांवर राबले, आता गुडघे गेले. मुलींच्या वसतिगृहात मदतनीस हवी होती, पण दहावी पास. गणितात दोनदा आपटले. आता पडले तर हात पसरायचे, दुसरं काय?

चार समीकरणं, चार रेषा, जोड्या लावा. माझ्या चारही चुकल्या.

सरांनी कोरा कागद पुढं सरकवला. "परीक्षेतून नाव मागं घेते म्हणून लिहून द्या. तुमच्यापायी शाळेचा निकाल पाडायचा का?"

पेन घेतला मी. खोटं कशाला सांगू? 'मी' एवढं लिहिलंही. डोळे पुसायला मान वळवली तर शेजारी सरांनी टाकलेला माझा पेपर.

y = 2x + 3. मी लावलेली रेषा उभ्या अक्षाला बरोबर तीनवर कापत होती. स्लोपही दोनचाच. फक्त चढायच्या जागी उतरत होती. बाकीच्या तीन बघितल्या. तेच!

अगं बाई. बांधकामावर स्लोप म्हणजे खालीच. दोन इंच स्लोप म्हणजे पाणी मोरीकडं दोन इंच उतरलं पाहिजे. तीस वर्षं तेच केलं. म्हणून प्लसवाल्या रेषा मी उतरवल्या, मायनसवाल्या चढवल्या. ज्यांच्या गच्च्यांचं पाणी मी वाटेला लावलं, त्यांच्याच दारात ओंजळीनं पाणी प्याले. तेव्हा कुणी म्हणालं नाही डोकं उलटं हाय म्हणून.

कागद परत सरकवला.

"लिहिणार न्हाई."

"काय?"

"एकच चूक हाय सर, चार न्हाईत. फळ्यावर द्या, आत्ता जुळवते."

"मला वेळ नाही, आजी."

"मग बसते इथंच."

बसले. पेपर पुढ्यात ओढला. पास होईन का, ठाऊक नाही. भीती लई वाटते. पण माझं नाव मी काढणार नाही. काढायचंच असेल तर त्यांनी काढावं, स्वतःच्या हातानं, खाली स्वतःची सही करून. माझा हात त्यासाठी मिळणार नाही.