राउटरचं लोकरीचं कव्हर

स्वेटरला इस्त्री करताना गरम लोकरीचा वास आला की मला अमेरिकेतल्या नोव्हाय गावातलं ते घर आठवतं, जिथे मी शिकत असताना एका निवृत्त मराठी जोडप्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. शनिवारी दुपारी मी कॉलेजच्या टीमबरोबर ऑनलाइन गेम खेळायचे. कॉलेजात माझ्याशी बोलणारी तेवढीच चार माणसं होती. त्या महिन्यात गेम सारखा अडकायचा आणि मग कनेक्शनच तुटायचं. मी गेम पुन्हा इन्स्टॉल केला, ड्रायव्हर अपडेट केले, जिन्यावरून लांबलचक केबलही ओढली, तरी फरक पडेना. शेवटी कॅप्टन हेडसेटवर म्हणाला, "यार, आज परत मधेच डिस्कनेक्ट झालीस तर तुझ्या जागी दुसऱ्या कोणालातरी घेतो." दहा मिनिटांत माझं कनेक्शन परत तुटलं. तशीच खाली हॉलमध्ये आले, तर राउटरवर लाल लोकरीचं विणलेलं कव्हर, काठाला फुलं, स्वयंपाकघरातल्या मिक्सरला होतं तसंच. आत हात घातला तर चटका बसला; तापून तोच बंद पडत होता. मागून घरमालकीण काकू म्हणाल्या, "धूळ बसते गं त्याच्यावर. ह्यांना तर अजून दिसलंच नाहीये. बरं झालंय का?" "खूप छान झालंय," म्हणत मी ते नीट बसवलं आणि वर जाऊन कॅप्टनला सांगितलं, दुसरं कोणी बघ. पुढचे कितीतरी शनिवार त्या वेळेला खोलीत बसवेना, म्हणून मी कॉलनीत उगाच चालत राहिले. आता वाटतं, 'काकू, हा तापतोय' एवढं म्हटलं असतं तर त्यांनी ते तिथल्या तिथे काढलं असतं, आणि आधी का नाही सांगितलंस म्हणून वर मलाच रागावल्या असत्या.