खिडकीतली बाटली

संस्थेत सगळे त्यांना साखळीवाले म्हणत. साखळ्यांसारखे लांबलचक रेणू पाण्यात एकमेकांना कसे धरतात, हे कागदावर मांडण्यात त्यांची हयात गेली. परीक्षानळी म्हणून कधी हातात धरली नाही. घरी चहासुद्धा बायकोच्या देखरेखीखाली.

सात वर्षं खपून त्यांनी एक सिद्धांत मांडला होता. दोन जातींच्या साखळ्या एकमेकींना पुरेशा जोराने ओढत असल्या, तर त्या आपोआप गोळा होऊन तीन आठवड्यांत तळाशी बसतील, वर नितळ पाणी राहील. लेख छापून आला. मग शेजारच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी तसं मिश्रण बाटलीत भरून दिलं आणि त्या बदली होऊन दूर गेल्या. साखळीवाल्यांनी बाटली खिडकीत ठेवली. तिच्यावर चिठ्ठीबिठ्ठी लावायची असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बाटली दुधाळच राहिली. एक वर्ष, दोन वर्षं. दुसरी बाटली करून बघावी, हे काही त्यांना सुचलं नाही. खोट आपल्याच गणितात, असं ते धरून चालले. बायको म्हणाली, "अहो, एका बाटलीपायी इतकं काय मनाला लावून घेता?" तरी त्यांनी स्वतः पत्र लिहून लेख मागे घेतला. त्यानंतर शिकवलं, बैठकांना बसले, पण वहीला हात लावला नाही. माणूस खचला तो खचलाच.

निवृत्तीच्या दिवशी टेबल आवरायला झाडलोटीच्या मावशी आल्या. बारा वर्षं ती खोली त्याच झाडत होत्या.

"ही बाटली जपून न्या हं, सर," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी ही इथे ठेवून तुम्ही लगेच महिनाभर सुट्टीवर गेला होतात ना, तेव्हा सगळा साका तळाशी बसला होता. वर नुसतं पाणी. घाबरलेच मी. तेव्हापासून दर शनिवारी हलवून ठेवते. म्हटलं, सरांचं औषध खराब व्हायला नको."

साखळीवाल्यांनी जुनी वही उघडली. सगळं बरोबर होतं तर. अक्षर आपलंच, पण तिसऱ्या ओळीपुढे आता डोकं चालेना. त्यांना रडावंसं वाटलं. मावशींना काय सांगणार? त्यांनी मायेनेच केलं होतं.

"बरं केलंत," ते म्हणाले.

मावशींनी बाटली पदराने पुसली, सवयीने दोनदा हलवली आणि त्यांच्या हातात दिली.